बुरशी नंतर आली

३ मार्च, सोमवार

आधी चूक दुरुस्त करते. शुक्रवारी मी इथे लिहिलं की सहाव्या पेटीतल्या अळ्या बुरशीने मेल्या. ते बरोबर नाही. मला माहीत नव्हतं, तरी माहीत असल्यासारखं लिहिलं. आज त्याच पेटीतला एक गोळा, ज्याच्यावर बुरशीचा ठिपकाही नव्हता, भिंगाखाली सुरीने उघडला. आत अळी मेलेली होती, गव्हाच्या दाण्याएवढी, आक्रसलेली. अंगावर बुरशीचा एक धागा नाही. म्हणजे अळी आधी मरते, बुरशी नंतर येते. ओस पडलेल्या घराला जळमटं लागतात तशी. जळमटांनी घरातली माणसं मेली असं कोणी म्हणत नाही.

पुढे कधी वाचताना मलाच कळावं म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते. गुरं चरतात त्या माळांवर पूर्वी एक काळा शेणकिडा असायचा, अंगठ्याच्या नखाएवढा. नराच्या डोक्यावर एक शिंग. शेणाचा पो पडला की नर आणि मादी त्याच्याखाली बीळ खणायची, शेण आत ओढायची, आणि चार-आठ दिवसांत माळ मोकळा व्हायचा. आता तो माळांवर राहिलेला नाही. पो कौलासारखे वाळून वर्षभर तसेच पडतात आणि त्यांच्याखाली गवत येत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रमुख मॅडमना एका लांबच्या डोंगरउतारावर चौदा जोड्या सापडल्या. त्या उतारावर रस्ता व्हायचा होता म्हणून त्यांनी सगळ्या इथे आणल्या. रस्ता झाला. तेव्हा या जातीचं जे काही उरलंय ते आमच्या संस्थेच्या तळघरातल्या फळ्यांवर आहे, आणि त्यांचं खाणं, ओल, ऊब मी बघते.

मादी जमिनीखाली एक दालन करते. तिथे शेणाचे तीन-चार गोळे वळते, प्रत्येकात एक अंडं घालते. मग बाकीचे किडे सहसा करत नाहीत ते ती करते: तिथेच थांबते. गोळ्यांवरून फिरत राहते, भेग पडली तर लिंपते, बुरशी धरली तर खरवडून काढते. आत अळी शेण खाऊन वाढते, कोषात जाते, आणि शेवटी नवा किडा गोळा फोडून बाहेर येतो. तोवर आई काही खात नाही.

पहिल्या वर्षी नवे किडे बाहेर आले होते. तेव्हा मी इथे नव्हते. मी मागच्या उन्हाळ्यात रुजू झाले. तेव्हापासून एकही बाहेर आलेला नाही.

४ मार्च, मंगळवार

मॅडमना अळी दाखवली. त्या बराच वेळ भिंगातून बघत होत्या.

"अगं, बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीही असते. बुरशीच धर."

"पण मॅडम, मी धागे शोधले. नव्हतेच."

"तू फार बारीक बघतेस. एवढं बारीक बघितलं की समोरचा हत्तीही दिसत नाही." मग भिंग माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "अहवालात बुरशीच जाऊ दे. बुरशीला कोणी नोटीस काढत नाही."

त्या हसल्या, म्हणून मीही हसले. जिना उतरताना वाटलं, मी का हसले?

मॅडम हल्ली दमलेल्या असतात. वरच्या मजल्यावर रोज बैठका चालतात. त्यांच्या नीट लक्षात आलं नसेल. पुन्हा एकदा व्यवस्थित मांडून सांगायला हवं.

९ मार्च, रविवार

घरी गेले होते. फाटकातूनच बाबांची हाक, "अगं ए, मास्तरीण आली!" आमच्या घरात पहिल्यांदा अक्षर ओळखलं ते मी. सहा वर्षांची असताना पेंडीच्या पोत्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, तेव्हापासून बाबा मला दुसऱ्या नावाने हाक मारत नाहीत.

आत्या आलेली होती. तिने नेहमीचं सुरू केलं. "काय गं, अजून शेणातच का? आम्ही अडाणी म्हणून शेणात. तू परीक्षा देऊन शेणात. फरक काय झाला?"

"आक्का, तिच्या शेणाला कागद लागतो, शिक्का लागतो," बाबा म्हणाले. "तुझ्या शेणाला विचारतं का कोणी?"

"मला नको बाई शिक्का. लग्नाच्या बाजारात काय सांगायचं, मुलगी किडे सांभाळते?"

"सांग, लेकुरवाळी आहे. चाळीस जणांचं करते."

सगळे हसले. आई चुलीकडे तोंड करून हसत होती, तेव्हा तिचे खांदे हलताना दिसले.

संस्थेचा स्वतःचा गोठा मोडला तेव्हा शेण कुठून आणायचं हा प्रश्न होता. मी नुकतीच लागले होते. मॅडमच म्हणाल्या, तुझ्या वडिलांच्या गायी आहेत ना? तेव्हापासून दर आठवड्याला बाबांची पोती येतात. आम्ही ते शेण आधी फ्रीझरमध्ये ठेवतो, म्हणजे त्यातले बाकीचे किडे आणि त्यांची अंडी मरतात. मग वितळवून, मळून पेट्यांत देतो. पहिल्या खेपेलाच मी बाबांना सांगितलं होतं की शेण स्वच्छ हवं, त्यात जंत नकोत, दुसरे किडे नकोत.

बाबांनी मला हात धरून गोठ्यात नेलं. "बघ. हात फिरवून बघ." गायींची कातडी खरोखर चकाकत होती. गुरांच्या डॉक्टरांकडून त्यांनी औषध आणलंय. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर धार सोडायची, की जंत पडतात, गोचीड गळतात, माशी बसत नाही. "डॉक्टर म्हणाले वर्षातून दोनदा पुरे. मी म्हटलं, तुमच्या गिऱ्हाइकांना पुरे असेल. माझ्या पोरीच्या कामाला जंत चालत नाही. महिन्यातून दोनदा घालतो. एक तारीख आणि पंधरा तारीख, चुकवत नाही." कोपऱ्यातल्या पांढऱ्या गायीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती गाभण आहे, तिला डॉक्टर नको म्हणाले. तिचं शेण तुझ्या पोत्यात पडू देत नाही."

निघताना आईने हळूच सांगितलं, "त्यांनी गुडघ्याच्या गोळ्या बंद केल्यात. गायींचं मात्र चुकवत नाहीत."

परतीच्या गाडीत मला रडू आलं. घरातली माणसं इतकं जपतात, आणि माझ्या हाताला यश नाही. निदान माझ्याकडून आता हयगय व्हायला नको.

१४ मार्च, शुक्रवार

आणखी दोन पेट्या गेल्या. गोळे उघडले, सगळ्यांत तेच, दाण्याएवढी अळी आणि मेलेली.

मी आले आणि जन्म थांबले. हे नाकारून चालणार नाही. म्हणजे माझ्यात काहीतरी आहे. अंगाचा साबण बदलला. केसांना तेल लावणं सोडलं. हातमोजे घालत होतेच, आता ते घालायच्या आधी हातही उकळलेल्या पाण्याने धुते. हात इतके सोलवटले की मॅडम म्हणाल्या, "बाई गं, किड्यांच्या आधी तूच जाशील."

सहाव्या पेटीतली मादी अजून गोळ्यांवरून फिरते. एक गोळा मी उघडला, बाकी दोन तिच्यापाशी आहेत. त्यांतही काही जिवंत नसणार. ती लिंपते, खरवडते. तिला कसं सांगणार? आणि थांबवलं तरी ती दुसरं काय करणार?

२१ मार्च, शुक्रवार

बाबांची पाठ धरली, पोतं आलं नाही. फ्रीझर रिकामा. दोन माद्या गोळे वळायच्या तयारीत होत्या आणि पेटीत मूठभरही शेण नव्हतं. शेवटी बादली घेऊन बाहेर पडले. दूध डेअरीच्या मागच्या गल्लीत एक मोकाट गाय कचऱ्याशेजारी बसलेली असते. तिच्या मागे जाऊन उभी राहिले. सायकलवरून जाणारा एक जण म्हणाला, "ताई, रांगेत दुसरं कोणी नाही, आरामात घ्या." माझे कान तापले.

शेण फ्रीझरमध्ये ठेवायलाही वेळ नव्हता. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या, गवताबरोबर कागदाचे कपटेही. तेच दिलं. एक मादी नाखुशीने फिरत राहिली. दुसरीने लगेच काम सुरू केलं.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "रस्त्यावरचं? ते मोजणीत धरायचं नाही हं. खाली ठेव कुठेतरी." त्या दोन पेट्यांवर मी लाल खूण केली आणि त्या सगळ्यांत खालच्या फळीवर, भिंतीकडे सरकवल्या. त्या दोघींना मीच वाया घालवलं असं वाटत राहिलं.

७ एप्रिल, सोमवार

आज टाचणीवाले काका आले होते. संस्थेच्या संग्रहातले सगळे किडे टाचण्या टोचून पेट्यांत मांडणं हे त्यांचं काम. माणूस मायाळू आहे, पण ते खोलीत आले की मला धडकी भरते.

"किती राहिले?"

"मोठे अकरा, काका."

"नर?"

"तीन."

त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली आणि एका नराचं शिंग पेटीच्या काचेवरूनच मोजलं. "देखणा आहे. आमच्याकडे या जातीचा एकही धड नमुना नाही."

"ते जिवंत आहेत, काका."

"आहेत ना. मी कुठे घाई करतोय?" फूटपट्टी खिशात ठेवत म्हणाले, "पोरी, माझ्याकडे आलेला किडा शंभर वर्षं टिकतो. तुझ्याकडचा?"

 १४ एप्रिलची भर: आठवड्याभरात तीनपैकी दोन नर मेले आणि दोन्ही त्यांच्याकडे गेले.

२२ एप्रिल, मंगळवार

खालच्या फळीवरच्या लाल खुणेच्या पेट्या आज टाकून द्यायला काढल्या. पहिलीत मादी मेलेली, गोळे नाहीत. दुसरीतली मादी जिवंत, तीन गोळे. सवयीने एक गोळा सुरीने उघडला आणि माझा हात तसाच थांबला. आत अळी होती. दाण्याएवढी नाही. अंगठ्याच्या पेराएवढी, पांढरीफटक, पाठीला कुबड, आणि ती हलली. उजेड लागल्यावर तिने भेगेकडे पाठ केली आणि आपल्याच विष्ठेने भोक बुजवायला लागली. शहाणी बाळ ती! मी भानावर येऊन गोळा जुळवून ठेवला. आई येऊन त्या फटीवर बसली.

वर धावले. मॅडम बैठकीत होत्या. जिन्यात उभी राहून एकटीच हसत होते.

हे कसं झालं याचा संध्याकाळपर्यंत विचार केला. शेवटी उमगलं. सगळ्यांत खालची फळी! तिथे भिंतीला ओल असते आणि वरच्यापेक्षा दोन अंशांनी गार असतं. मी वर्षभर त्यांना उबेत भाजत होते. उद्याच सगळ्या पेट्या खाली हलवते.

६ मे, मंगळवार

सगळ्या पेट्या खाली आहेत. ओल तीच, गारवा तोच, शेण बाबांचं, नेहमीचं स्वच्छ. शेवटच्या नराच्या मादीने नवे गोळे केले होते. आज उघडले. अळ्या मेलेल्या. दाण्याएवढ्या.

तो नरही परवा गेला.

म्हणजे फळीचा काही संबंध नव्हता. लाल खुणेच्या पेटीतल्या अळ्या मात्र वाढताहेत. उघडलेलीही जगली आहे. डोकं चालत नाही. हात लावीन तिथे माती, आणि जिथे हात लावला नाही तिथे जीव.

११ मे, रविवार

आज कळलं. हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते.

घरी जेवताना बोलता बोलता रस्त्यावरच्या गायीची गोष्ट निघाली. बाबा ताटावरून उठायचेच बाकी राहिले. "कचऱ्यातल्या गायीचं शेण दिलंस? आणि माझं असताना? अगं, मला सांगायचं. वाकड्या पाठीने आणून दिलं असतं."

"बाबा, दोनच पेट्यांना."

"दोन का असेनात! त्यात काय काय वळवळत असेल. माझ्या गायीचं शेण महिनाभर उघड्यावर ठेव, एक किडा शिवणार नाही. खोटं वाटत असेल तर बघून ये."

मी बघायला गेले. गोठ्यामागच्या कुरणात पो पडलेले होते. आजचे, कालचे, गेल्या महिन्याचे, थंडीतले. एकावरही माशी नव्हती. काठीने उलटे करून बघितले. खाली मुंगी नाही, गांडूळ नाही. भाजलेल्या विटांसारखे अखंड. मी एकेक उलटत कुंपणापर्यंत गेले. कुंपणापाशी पांढरी गाभण गाय वेगळी बांधलेली असते. तिच्या खुंट्याभोवतीचे पो चाळणी झालेले होते. भोकंच भोकं, त्यांत साधे लहान शेणकिडे, माश्यांच्या अळ्या, खाली भुसभुशीत माती.

मी तिथेच खाली बसले.

जंत मरतो, गोचीड मरते, माशी मरते. ते औषध गायीच्या अंगातून कुठे जातं? शेणात. आणि ते शेण फ्रीझरमध्ये घाला, वितळवा, मळा, औषध तिथेच. मोठे किडे तग धरतात, अळी पहिल्या घासांतच संपते. मी बी.एस्सी. झाले आहे. मार्चमध्ये मी त्या गोठ्यात उभी होते. बाबांनी मला बाटलीसुद्धा दाखवली होती, आणि मी गाडीत बसून त्यांच्या मायेवर रडत होते.

बाबा कुंपणाशी आले. "काय, सापडला का एखादा?"

"नाही बाबा."

"मग!" ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१३ मे, मंगळवार

काल मॅडम नव्हत्या. आज दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. दमल्या असतील.

"अहवाल गेला," त्या म्हणाल्या. "बुरशी म्हणून गेला."

"दुरुस्ती पाठवता येईल ना? कुठे चुकलं ते कळलंय, मॅडम. साधं शेण दिलं की झालं."

"कोणाला दिलं की? मोठ्या माद्या उरल्या पाच. नर एकही नाही."

"लाल खुणेच्या पेटीत तीन अळ्या आहेत. त्यातला एखादा नर असेल."

"असेल. नसेल." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "पुरवठ्याच्या कागदावर सही माझी आहे. नाव तुझ्या वडिलांचं आहे. शेण तपासून घ्यायला हवं होतं, ते मी घेतलं नाही. सांग, कोणाला उभं करू? मला? त्यांना? की तुला, त्यांच्या मुलीला?"



"बुरशी कोणाची लेक नसते," त्या म्हणाल्या. "प्रकल्प बंद होतोय, खोली दोन जूनला सोडायची आहे. त्या दिवशी सकाळी आहे ते सगळं संग्रहात द्यायचं. अळ्यासुद्धा, त्यांना स्पिरिटमध्ये ठेवतात. तुला मी चांगलं पत्र देईन. तू हुशार आहेस, दुसरीकडे लागशील."

मी आभार मानले. खरंच मानले. बाहेर आल्यावर कळलं की मी काय ऐकून घेतलं.

१५ मे, गुरुवार

आज पंधरा तारीख. आज बाबांनी औषध घातलं असणार. सकाळी दोनदा फोन हातात घेतला. काय म्हणायचं? बाबा, औषध घालू नका. का गं? मग पुढचं वाक्य येत नाही.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "मास्तरीण, पांढरी व्याली! कालवड झालीय. डोळे अगदी तुझ्यासारखे, सारखे कशाची तरी काळजी करणारे."

"वा, बाबा."

"आणि तुझ्या लेकरांना आवडतंय ना आमचं शेण?"

मी हो म्हटलं.

आधी मला खोटं बोलता येत नसे. लहानपणी बोलले तर अंगावर पुरळ उठायचं. आज काही उठलं नाही.

२० मे, मंगळवार

पाच माद्यांपैकी दोघी गेल्या. त्यांच्या पेट्या आता उघडतही नाही, टाचणीवाले काका येऊन घेऊन जातात. आज म्हणाले, "तू तोंड का लपवतेस? किडे मरतातच."

"हे मारलेत, काका."

"कोणी?"

मी म्हटलं, "माहीत नाही." ते पेटी उचलून गेले.

लाल खुणेच्या पेटीतली मादी जिवंत आहे. हलकी झाली आहे. हातावर घेतली तर वजन लागत नाही. तिच्या तीन गोळ्यांपैकी एक हलवला की आतून काहीतरी सुटं वाजतं. तो मी उघडलेला. त्या अळीने भोक बुजवलं खरं, पण आत ओल राहिली नसावी. मी सुरी लावली नसती तर तीन राहिले असते. बाकी दोन जड आहेत, वाजत नाहीत. कोषात गेले असतील. कोषावर नराचं शिंग आधीच दिसतं म्हणे. पण बघायचं तर गोळा फोडायला हवा, आणि फोडायला माझा हात आता कधीच धजणार नाही. दोन्ही माद्या असतील तर सगळं संपलेलंच आहे, फक्त आम्हाला ते अजून कळलेलं नाही. दोन्ही नर असले तरी तेच, ही म्हातारी तोवर टिकायची नाही. एक नर आणि एक मादी निघाली तरी ती भावंडं. आणि त्यांना सोडायचं कुठे? आसपासच्या गोठ्यांतही आता बाबांचंच बघून औषध घालतात. आत्यानेही आणलंय. बाबांच्या गायी चकाकतात ना.

मी हे सगळं बरोबर लिहिलंय. कुठेही आशा वाढवून लिहिलेली नाही.

२५ मे, रविवार

घरी गेले, सांगायचंच असं ठरवून. जाताना गाडीत तीन वाक्यं तयार केली. बाबा गोठ्याच्या दारात कालवडीला बाटलीने दूध पाजत होते. पांढरीला दूध कमी आहे. कालवड बाटली सोडून त्यांचं कोपर चाटत होती.

आई म्हणाली, "तुझं तोंड का उतरलंय?"

"काही नाही."

"किडे बरे आहेत ना?"

बाबा म्हणाले, "बरे नसायला काय झालं? राजासारखे खातात." मग मला म्हणाले, "पांढरी आता मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, आता चालेल. एक तारखेपासून तिलाही धार घालतो. मग तिचंही शेण तुझ्या पोत्यात. तेवढीच भर."

मी दुधाची बाटली त्यांच्या हातून घेतली आणि कालवडीला पाजत बसले.

येताना कुरणातून आले. पांढरीच्या खुंट्याभोवती अजून सगळं जिवंत होतं. एवढा एकच तुकडा, खाटेएवढा. एक तारखेनंतर तोही वीट होईल.

२७ मे, मंगळवार

मॅडमनी पत्र दिलं. छान आहे. त्यात मला 'अत्यंत प्रामाणिक' म्हटलंय. पुढच्या परिच्छेदात लिहिलंय की बुरशीच्या प्रादुर्भावामुळे प्रकल्प थांबवावा लागला, तरी मी शेवटपर्यंत स्वच्छता राखली.

एका कागदावर दोन्ही कशी मावली?

टाचणीवाले काकांनी रिकाम्या खोक्यात कापूस घालून ठेवलाय. सोमवारी सकाळी येतो म्हणाले.

२८ मे, बुधवार

आज बहुतेक वेळ खोलीत बसून राहिले. इतर माद्या गेल्या. उरली एकच. ती गोळ्यावरून फिरते, थांबते, पुन्हा फिरते. तिच्या फिरण्याचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. ती काय समजून फिरते ते मला ठाऊक नाही, आणि मी उगाच काही समजून घेणार नाही.

पण बाबांचं मला ठाऊक आहे. ते उरलेल्या आयुष्यात महिन्यातून दोनदा ती धार सोडत राहतील, माझ्यासाठी. मी गप्प राहिले तर ते सुखाने सोडतील. बोलले तर त्यांना कळेल की त्यांच्या हाताने काय झालं, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून झालं. ते मला दोष देणार नाहीत. तेच मला सोसणार नाही. आत्या वर्षभर हसेल. मॅडम पत्र परत मागतील, मागू देत. त्यातलं ते एक वाक्य मला तसंही कोणाला दाखवता येणार नाही.

गोळ्यांतले दोघं वाचतील असं नाही. बहुधा वाचणार नाहीत. तरी त्यांना साधं शेण मिळेल अशी माझ्या माहितीत एकच जागा उरलीय, पांढरीच्या खुंट्यापाशी, आणि तीही रविवारी सकाळपर्यंतच.

मॅडमना आज सांगून ठेवलं, "लाल खुणेची पेटी मी घरी नेणार आहे. चोरून नाही, सांगून." त्या कागद चाळत म्हणाल्या, "मी काही ऐकलं नाही." याचा अर्थ काय लावायचा ते कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

रविवारी एक तारीख, बाबा पहाटेच औषधाची बाटली काढतील, तेव्हा रविवारपर्यंत थांबलं तर उशीर होईल. शुक्रवारी ते बाजाराला जातात. पेटी मांडीवर घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीने जायचं, आणि गोठ्यात पोचल्यावर चहाच्या आधी, बसायच्याही आधी, बाबांना सांगायचं. शनिवार, ३१ मे.